टेबलावरून पास करणारे चुरी सर

संगणकाच्या पडद्यावर काही उमटायच्या आधीच चुरी सर टेबलावर थाप मारून ‘पास!’ असं ओरडत. थाप अशी, की खालच्या मेडिकलवाल्याच्या कपाटातली खोकल्याची औषधंसुद्धा खोकायला लागत. बोईसरातल्या आमच्या चिमुकल्या सॉफ्टवेअर कंपनीत ते टेस्टिंगचे प्रमुख. चाचणी नावाच्या गोष्टीशी त्यांचा या थापेपलीकडे संबंध मी पाहिला नाही.

“टेस्टिंग म्हणजे विश्वास,” ते म्हणत. “मी बघितलं ना, की चालतं.” वाईट एवढंच, की त्यांनी बघितलेलंही नसे.

तारापूरच्या एका बर्फाच्या कारखान्यासाठी आम्ही नवी यंत्रणा बांधली होती. होडीवाल्याने धक्क्यावरून मोबाइलवर बर्फ मागवायचा; मोबाइलने कारखान्यातल्या संगणकाला हाक मारायची, ‘एवढं काम कर’; त्याने ते करून उत्तर धाडायचं. उत्तर आलं नाही, तर पुन्हा हाक. सरांनी हाक मारणारा आणि ओ देणारा, दोघांनाही आपल्याच लॅपटॉपमध्ये बसवलं. एका घोंगडीत निजलेल्यांना एकमेकांची हाक ऐकू येणारच! पास!

हेमांगी राऊत माकुणसारची. आमच्याकडे नवी, अजून कायम न झालेली. ती रविवारी आपण होऊन धक्क्यावर गेली, दोन होड्यांची मालकीण असलेल्या हिराबायशेजारी बसली आणि तिथून चाचणी घेऊन आली.

“सर, तिथे रेंज जाते. ऑर्डर लागते, पण उत्तर परत पोचत नाही. मग मोबाइल पुन्हा हाक मारतो आणि तीच ऑर्डर दुसऱ्यांदा लागते.”

“तुझा मोबाइल बदल,” सर म्हणाले. “आणि जरा लांब उभी राहा, मासळीचा वास येतोय.”

यंत्रणा सुरू झाली. पहिल्याच सकाळी हिराबायने बर्फाच्या चार लाद्या मागवल्या. उत्तर येईना. मोबाइल मारतोय हाका, कारखाना भरतोय टेम्पो. “स्क्रीन पे आ रहा है भाई, हम क्या करें?” म्हणत टेम्पोवाले लाद्या उतरवत राहिले. धक्क्यावर असा हिमालय उभा राहिला, की एका पायावर उभ्या बगळ्यांनी गारठून दुसराही पाय वर घेतला! तिकडे कारखान्यात लादी उरली नाही, बाकीच्या होड्या बर्फाविना ओहोटीच्या चिखलात बसल्या, आणि दुपारी अख्खा धक्का आमच्या ऑफिसात आला.

आमचे मालक कडाडले, “हे ज्याने पास केलं, तो आज कायमचा घरी जाईल!”

“टेस्ट हेमांगीने केली होती, साहेब,” सर शांतपणे म्हणाले. खोटं सगळेच बोलतात. पण इतक्या तुळतुळीत चेहऱ्याने बोलायला जन्मभराचा रियाज लागतो.

हिराबाय पदर खोचून पुढे आली. “ही? ही तर माज्या बाजूला बसून सांगत होती, दोनदा जातंय म्हणून. सरांना सांगते, बोलली. ह्यो सर कंदी आला धक्क्यावर? आमी तर बगितला नाय.”

दुसरा कोणी असता तर जमिनीत गाडून घेतलं असतं. सरांनी छाती काढली. “मीच पाठवलं होतं तिला, साहेब! धक्क्यावर जाऊन चाचणी घेणं ही माझीच पद्धत.”

“असं?” हिराबाय म्हणाली. “मंग सांग बाबा, आमच्या धक्क्यावर रेंज कुठं मिलते नि कुठं जाते?”

सर हेमांगीकडे वळले. “सांग गं त्यांना.”

ती हिराबायकडे बघत राहिली.

“सांग ना गं!”

तिने ओठ मिटलेलेच ठेवले. मालकांनी सरांचा लॅपटॉप उचलून तिच्यापुढे ठेवला आणि सरांसाठी स्वतः दार उघडलं.

हल्ली ते पालघरला पोरांना टेस्टिंग शिकवतात, असं ऐकतो. घरबसल्या, अर्थातच.