पुढच्या फळीपाशी ठेवलेला दगड

"होडीत एकटा माणूस म्हणजे अर्धा माणूस, आणि वाऱ्याला ते आधी कळतं," ऑस्टिन व्हार्ली एकदा म्हणाला होता.

नोरीनच्या बारमध्ये, शेकोटीकडे पाठ करून, अंगातला ओला कोट न काढताच. ऐकणाऱ्यांना ते मोठं शहाणपण वाटलं. त्याच्या मनात तसं काही नव्हतं. लॉख मास्क या आयरिश सरोवरावर ट्राउट मासे धरायला होडी वाऱ्याला आडवी सोडतात. दोघं दोन टोकांना बसतात आणि गळाला बांधलेल्या पिसांच्या नकली माश्या पुढच्या लाटांवर टाकत वाहत जातात. मागे एकटाच बसला की पुढचं टोक हलकं होऊन वर उचलतं, वारा त्याला धरून फिरवतो, आणि खडकांच्या कडेला टिपून ठेवलेली ट्राउटची जागा बाजूला राहून जाते. म्हणून एकटा जाणारा पुढच्या फळीपाशी दगड ठेवतो. एवढंच त्याला सांगायचं होतं.

त्याला स्वतःला मात्र दगडाची गरज कधी पडली नव्हती. पुढच्या फळीवर डीलिया असायची, त्याची थोरली बहीण. आई अंथरुणाला खिळली तेव्हा ती मँचेस्टरची गिरणी सोडून काही दिवसांसाठी म्हणून आली, आणि आई गेल्यावरही राहिली. ऑस्टिन मासेमारीला आलेल्या पाहुण्यांना होडीतून न्यायचा, ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर माश्या बांधायची. बदकाचं पीस, सशाची लव, काळं रेशीम. पाहुणे नसले की दोघं पाण्यावर. लोक म्हणायचे, ऑस्टिननं लग्न केलं नाही, पण बायकोची बोलणी काही चुकली नाहीत.

मोसमाच्या सुरुवातीला, फेब्रुवारीत, पाण्यावर गारा पडत असताना दोरी गळाच्या काठीच्या कड्यांत गोठते. लोक काठीचं टोक पाण्यात बुडवतात. डीलिया ते तोंडात धरायची आणि बर्फ विरघळेपर्यंत बसून राहायची.

"देवाला हा एकच उपाय सापडला," ऑस्टिन म्हणायचा. "तेवढा वेळ तरी गप्प बसते."

ती टोक तोंडातून काढायची. "तुझी डावीकडची माशी बुडली आहे, गाढवा. मासा तुझ्यावर हसतोय."

आणि बहुतेक वेळा ती माशी खरंच बुडालेली असायची.

गेल्या वर्षी तिच्या छातीनं दगा दिला. डॉक्टरांनी गार वारा बंद केला. मग मीही जाणार नाही, असं ऑस्टिननं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी अंगावर ओव्हरकोट चढवून, हातात टेकायची काठी घेऊन डीलिया शेताच्या दगडी गडग्यापाशी उभी राहिली आणि नोरीनला बोलावून घेतलं. नोरीन तिची शाळेपासूनची मैत्रीण. पिंपावर फळी टाकली होती, लहान मुलं झोका करतात तशी. एका टोकाला डीलिया बसली. दुसऱ्या टोकाला ऑस्टिन गडग्यातले दगड आणून ठेवू लागला.

"हा नको, केवढा मोठा आहे. माझा असा अपमान करू नकोस," डीलिया म्हणाली.

"मग तुझं खरं वजन सांग."

"आणि तो? तो तर तुझ्या डोक्यासारखा आहे, नुसता पोकळ."

शेवटी पांढरी शीर असलेला एक करडा दगड ठेवला आणि फळी आडवी थांबली. दोन्ही टोकं जमिनीपासून सारखी वर. नोरीननं फळी धरली होती, तिला ते हातांत जाणवलं. डीलिया तशीच बसून समोरच्या दगडाकडे बघत राहिली.

"ही मी," ती म्हणाली. "फक्त ही तुला उलट बोलणार नाही. आता जा मुकाट्यानं पाण्यावर."

तो गेला. सगळा मोसम गेला. डीलिया खिडकीत बसून होडीकडे बघायची, आणि नोरीन आली की म्हणायची, "बघ, किती आडवी चालली आहे. मी असताना इतकी नीट चालत नव्हती." शरद ऋतूत तिचे गाल बसले, मनगटं काडीसारखी झाली. नोरीन एकदा ऑस्टिनला म्हणाली, आता दगड थोडा लहान घ्यायला हवा. तो म्हणाला, नाही. होडीत तिचं वजन कमी झालं नाही.

नोव्हेंबरमध्ये ती गेली. शवपेटीला खांदा देणारे पुरुष चर्चच्या पायऱ्यांवर एकमेकांकडे बघत होते, इतकी ती हलकी होती. ऑस्टिननं होडी शेडमध्ये उलटी घातली, दगड शेजारी पोत्याच्या घडीवर ठेवला आणि घराचं दार लावून घेतलं. चर्चला नाही, बारमध्ये नाही. नोरीन सूप घेऊन जायची. तो दारातच भांडं घ्यायचा, कालचं परत द्यायचा.

"मोसम उघडला की जाशील ना रे?" तिनं जानेवारीत विचारलं.

"ती आहे तोवर जाईन," तो म्हणाला. नोरीनला कळलं तो कशाबद्दल बोलतोय. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं.

गावाला एवढंच दिसत होतं की म्हातारा खचतोय. टॉम लॅली, मासेमारांच्या क्लबचा सेक्रेटरी, मनानं मोठा माणूस. त्यानं चार जणांना गोळा केलं. त्यांनी शेडमधून होडी काढली, घासली, गळती बुजवली, हिरवा रंग दिला. मोसमाच्या पहिल्या दिवशी ऑस्टिननं यावं आणि आपली होडी नवीसारखी पाण्यात बघावी, असा बेत. नोरीननं ऐकलं तेव्हा तिला बरंच वाटलं. दगडाचं तिच्या मनात आलं नाही. नंतर ते पुष्कळदा आलं.

पहिल्या दिवशी सकाळी ऑस्टिन आला. बोचरा पश्चिम वारा, पाणी शिशासारखं. डीलियाच्या माश्यांची पत्र्याची डबी छातीच्या खिशात. होड्या पाण्यात सोडायचा बंदराचा उतार नव्यानं काँक्रीट घालून नीट केला होता आणि त्याच्या टोकाशी हिरवी होडी दोराला ओढ देत होती. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत उभे. तो वाकून होडीत बघत राहिला, मग पुढच्या फळीखाली हात घालून चाचपला.

"रंग छान दिलाय," तो म्हणाला. आणि वळून शेडकडे चालत गेला.

परत आला तो सरळ बारमध्ये. नोरीन नुकती शेकोटी पेटवत होती.

"पोतं आहे," तो म्हणाला. "दगड नाही."

"हलवला असेल कुठंतरी. टॉमला विचारते मी. बस तू."

दारात टॉमच आला, हातात वल्हं. "चल ऑस्टिन. आज पुढे मी बसतो. मासा नाही मिळाला तर शिव्या तरी खाईन तुझ्या."

"तुझा दिवस वाया घालवू नकोस. तू जा."

"टॉम, तो दगड..." नोरीन म्हणाली, पण बाहेरून हाका चालू होत्या, वारा वाढत होता, आणि टॉम गेलाही.

दिवसभर ऑस्टिन खिडकीपाशी बसला. होड्या आडव्या वाहत बेटाकडे जात, मग इंजिनचा आवाज करत परत वाऱ्याच्या तोंडाशी येत, पुन्हा वाहत. नोरीननं चहा ठेवला, तो निवला. तिनं दुसरा ठेवला. दुपारी तिनं शेडभोवती, गडग्यापाशी, होडीजवळच्या काठावरच्या खडीत शोधलं. शेवाळलेले दगड पुष्कळ होते. पांढरी शीर कुठल्याच दगडावर नव्हती. आत आली तेव्हा ऑस्टिननं तिच्या मातीनं भरलेल्या हातांकडे पाहिलं आणि पुन्हा खिडकीकडे तोंड केलं.

उजेड कमी होताना माणसं आली. लाल नाकं, सुजलेली बोटं, कोटांतून वाफ. मॅलकी हेनेलीला एक ट्राउट मिळाला होता, हिवाळ्यानं वाळलेला, डोकं मोठं, अंग चाकूच्या पात्याएवढं.

"मॅलकी, हा मासा आहे की तुझ्या सासूचा फोटो?" कुणीतरी ओरडलं.

"परत सोडला मी त्याला. म्हटलं, जा बाबा, आधी जेवून ये."

हसणं झालं. नोरीन टॉमजवळ पोचायला निघाली होती. पण ऑस्टिननंच विचारलं, आवाज न चढवता.

"टॉम. शेडमध्ये होडीशेजारी एक दगड होता."

"तो करडा?" टॉमचा चेहरा उजळला. "अरे, त्याचं काय विचारतोस. उचलताना आम्हा दोघांचा घाम निघाला. मॅलकीची कंबर अजून धरली आहे."

"माझी कंबर तुझ्या अकलेमुळे धरली," मॅलकी म्हणाला. "मी म्हटलं होतं, ढकलत नेऊ."

"पाणी उताराचा पाया खात होतं ना, तिथं घातला तो. अगदी तळाशी. असा बसला, जणू त्याच जागेसाठी घडवलेला. वर बाकीचे दगड, वर काँक्रीट. आता शंभर वर्षं हलत नाही. तुझीच होडी उभी राहते तिथं, ऑस्टिन. तुझ्याच शेडमधला दगड, म्हटलं, कुठंतरी तुझ्याच कामी यावा."

नोरीनच्या हातात ओला ग्लास होता. ती तो पुसत राहिली. सांगावं तर काय सांगावं, आणि कुणाला. हीच माणसं थंडीत गुडघे टेकून त्याच्या होडीला रंग देत होते.

ऑस्टिन टॉमकडे बघत होता. रागानं नाही. एखादा लांबून ओळखीचा वाटलेला माणूस जवळ आल्यावर परका निघावा, तसं.

"हवा होता का तुला?" टॉमनं विचारलं. त्याला आता काहीतरी जाणवलं असावं. "होडीत ठेवायला? अरे, दुसरा देतो की. उद्या सकाळीच आणून टाकतो. या गावात दगडांना काय तोटा?"

कुणीतरी हसलं, मग थांबलं.

ऑस्टिन उठला. त्यानं छातीच्या खिशातून पत्र्याची डबी काढली, काउंटरवर नोरीनच्या पुढ्यात ठेवली आणि बोटानं थोडी आत सरकवली, पडू नये म्हणून. टोपी घातली. दारापाशी कुणाचीतरी ओली काठी आडवी पडली होती. ती उचलून त्यानं भिंतीला नीट टेकवली. मग दार उघडलं, गार वारा आत आला, आणि तो बाहेर पडला.