माग बंद पडले ती दुपार

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. बायकोलाही नाही. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. सत्कार झाले, भाषणं झाली, प्रत्येक वेळी मी हा विषय टाळला.

कबनूरच्या बाजूला एका शाळेत मी शिकवत होतो. वर्गाच्या मागच्या भिंतीला लागूनच यंत्रमागांची शेड होती. दिवसभर खडखडाट. आम्ही शिक्षक ओरडून शिकवायचो, मुलं ओरडून उत्तरं द्यायची. जो ओरडत नाही त्याला येत नाही, असं आम्ही धरूनच चालायचो.

त्या वर्षी एक मुलगी आली. वडील बिहारचे, मागावर कामाला. आठ वर्षांची. मराठीचा एक शब्द येत नव्हता. ती खिडकीजवळ, शेडच्या बाजूला बसायची. दिवाळी गेली, संक्रांत गेली, तिचा आवाज कुणी ऐकला नाही. फक्त ओठ हलायचे. फळ्याकडे बघत ती सारखे ओठ हलवायची, पण खडखडाटात काहीच ऐकू यायचं नाही. मुलं तिला घाबरू लागली. कुणी तिच्या बाकावर बसेना.

मूल कोणत्या वयात काय समजू शकतं, याचे टप्पे मी प्रशिक्षणात पाठ केले होते. त्यात चांगले गुणही मिळाले होते. एकदा मी सगळ्या वर्गासमोर तिची परीक्षा घेतली. दोन सारखे पेले, सारखं पाणी. एकातलं पाणी उंच, अरुंद पेल्यात ओतलं आणि मराठीत विचारलं, "आता कशात जास्त पाणी आहे?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, उंच पेला उचलला आणि पाणी पिऊन टाकलं.

"सर, तान लागलीया तिला!" वर्ग खदखदून हसला. मीही हसलो. मग पाणी वाढत का नाही, हे मी वर्गाला समजावून सांगितलं. माझं मत मात्र तेव्हाच ठरलं होतं. मुख्याध्यापकांना सांगितलं, बुद्धी वयाच्या फार मागे आहे, आपल्या शाळेचं हे काम नव्हे. वडिलांना शनिवारी बोलावलं.

शुक्रवारी दुपारी मी फळ्यावर लिहीत होतो आणि वीज गेली. गल्लीतले सगळे माग एकदम थांबले. त्या शांततेत कान दुखतात, हे तिथं राहिलेल्यांना माहीत आहे. पाठीमागून आवाज आला,

"पेला उंच असला म्हणून पाणी वाढत नाही. नुसता आकार बदलला. काय?"

आवाज पोरीचा होता, पण बोलणं माझं होतं. माझा हेल, वाक्याच्या शेवटी माझं ते 'काय', त्याआधीचं माझं खाकरणं. माझ्या हातातला खडू खाली पडला. ती खिडकीकडे तोंड करून बोलतच होती. माग थांबल्याचं तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. कालचा धडा संपला, मग परवाचा सुरू झाला. मी कधी, कुणाला, कोणत्या शब्दांत रागावलो होतो, तेही त्यात होतं. एकही मूल हसलं नाही.

मग तिला शांतता जाणवली. तिनं तोंड मिटलं आणि वळून माझ्याकडे पाहिलं.

पुढच्या बाकावरचा पोरगा हळूच म्हणाला, "सर, ही तुमच्यागत बोलतीया की."

"गप्प बस," मी म्हणालो.

नव्या भाषेत पडलेलं मूल कित्येक महिने मुकं राहतं, आतल्या आत शब्द साठवत राहतं, स्वतःशीच बोलून बघतं. हेही मी शिकलो होतो. माझ्या डोळ्यांसमोर ते घडत होतं आणि मला फक्त भीती वाटली.

शनिवारी वडील आले. कपड्यांवर सुताचा कापूस. "गुरुजी, घर में तो दिन भर बोलती है," ते म्हणाले. मी एका वाक्यात सगळं मागे घेऊ शकलो असतो. पण मुख्याध्यापक शेजारी बसले होते आणि माझं मत त्यांना सांगून झालं होतं. मुख्याध्यापकांनी तेच वडिलांना सांगितलं, मी मान खाली घातली. "आप कहते हैं तो ठीक ही होगा," म्हणून ते पोरीला घेऊन गेले. मी सुचवलेली शाळा लांब शहरात होती. तिथं ती गेलीच नाही. मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या मशीनवर कामाला बसली, असं पुढं ऐकलं.

त्यानंतर वर्गात शिकवताना वाक्य संपलं, की तेच वाक्य खिडकीपाशी पुन्हा कुणीतरी म्हणतंय असं वाटायचं. मी तो बाक हलवला. फरक पडला नाही.

गेल्या वर्षी पत्ता काढत तिच्या दारात गेलो. डोळ्यांवरून ओळखली. कडेवर लेकरू होतं. तिनं मला ओळखलं नाही.

"कुनाकडं आलाय, पावणं?" अस्सल इथली बोली.

"चुकून आलो बहुतेक."

"मग फुडच्या बोळात इचारा की. हितं आमीच हाय."

मी बरं म्हणालो आणि वळलो. घरून निघताना वाक्यं पाठ करून गेलो होतो. बाई, तुझ्या बुद्धीत काही कमी नव्हतं. ते मला तुझे वडील यायच्या आदल्या दिवशीच कळलं होतं, तरी मी बोललो नाही. तुझी शाळा मी घालवली. मला माफ कर.