राखेने घासलेले दगड

मार्करचं टोपण काढलं की तो उग्र वास येतो आणि वळसंगजवळची ती वस्ती आठवून माझी अजूनही चिडचिड होते. उन्हाळा होता आणि कातळ इतका तापलेला की गुडघा टेकवत नव्हता. तिथला काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. थिजताना त्यातल्या लोखंडाच्या कणांनी तेव्हाच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा आणि कल धरून ठेवलेला, आणि त्यावरून ही जमीन कधीकाळी विषुववृत्ताच्या किती खाली होती ते आम्ही शोधत होतो. ड्रिलने काढलेल्या दगडाच्या प्रत्येक कांडीवर, ती कातळात कशी बसली होती हे दाखवणारी रेघ मी मार्करने ओढायची. रेघ गेली की कांडी वाया. सकाळपासूनच्या सगळ्या कांड्या वस्तीवरच्या मावशींच्या ओट्यावर मांडून मी जेवायला बसले, आणि उठून बघते तर त्या उन्हात वाळत घातलेल्या, काळ्याभोर, कोऱ्या. "लई डाग पडले हुते की ताई," मावशी म्हणाल्या, "राखेनं घासून काढले." मी कपाळाला हात लावला. आता यांची दिशा कशी कळणार, असं मी जवळजवळ रडतच म्हणाले. मावशींनी शांतपणे पदराला हात पुसले. "सकाळी तुमीच म्हनला, दगडाला दिशा आटवती. मग त्यालाच इचारा की." त्यातली एक कांडी आज माझ्या टेबलावर कागद दाबायला आहे. मावशींना काय उत्तर द्यायला हवं होतं ते मला अजून सुचलेलं नाही, आणि खरा राग त्याचाच येतो.