अकरा नंबरवर हात कोणाचा

मल्हारीला एकच खोड. काहीही पडलेलं दिसलं की विचारणार, "हे कोणी धरून ठेवलंय?" इंदिरानगरात आमच्या शेजारीच राहायचा, म्हणून सांगते. गच्चीवरचं पिंप असो की लग्नातून उरलेली सतरंजी, कोणी 'माझं' म्हणालं नाही तर हा खुशाल भंगारात देऊन मोकळा. माझं चांगलं घमेलं असंच गेलं मेलं.

२००४ च्या चैत्रात वणीच्या गडावर यात्रेला हरवलेल्यांची नोंद ठेवायला हा एका मंडळाच्या तंबूत कॉम्प्युटर घेऊन बसला. चिठ्ठ्या द्यायला मी. कॉम्प्युटर जुना, डिस्क रडतखडत चालणारी, म्हणून याने सगळ्या नोंदी थेट मेमरीतच ठेवल्या. मेमरी तरी केवढीशी! मग प्रोग्रामला स्वतःचीच खोड लावली. ज्या नोंदीची कोणी चौकशी करतंय तिच्यावर कोणाचा तरी हात आहे, ती ठेवायची. बराच वेळ कोणी विचारलं नाही तर हात शून्य, नोंद पुसून जागा मोकळी. वर हौस बघा, चिठ्ठीवरचे आकडे मराठीत.

सुरगाण्याकडच्या बायडाबाईची बहीण कुसाबाई गर्दीत चुकली. तिला ऐकू येत नव्हतं, तिथे लाउडस्पीकर काय करणार? बायडाबाईला चिठ्ठी मिळाली, ११. ती तंबूतच बसून राहिली आणि मधूनमधून उठून मल्हारीने टायपिंगला बसवलेल्या रोहितपुढे चिठ्ठी धरायची. रोहित इंजिनिअर, पण शिकलेला इंग्रजी शाळेत. मराठी एक त्याला नऊ दिसायचा. तो निवांत नाइन्टी नाइन टाइप करायचा आणि म्हणायचा, "शोध चालू आहे." नव्व्याण्णव नंबरवर दुसरंच कोणी होतं. त्याच्यावर हात पडत राहिले, अकरा नंबर पुसला गेला.

दिवस कलताना पायथ्याच्या तंबूतून फोन आला. एक बहिरी म्हातारी सापडलीय, हातावर कुसाबाई गोंदलंय, कोणी शोधतंय का? रोहितने नाव टाकलं. नोंद नाही. पलीकडचा म्हणाला, "मग नाशिकला निराधारांच्या आश्रमात पाठवतो, जीप सुटतेच आहे."

"कुसाबाई? कोणाची आहे ही?" मल्हारीने सवयीने मोठ्यांदा विचारलं.

मागे बायडाबाई धडपडत उठली. "माझी भईन हाय ती."

मल्हारीने तिची चिठ्ठी पाहिली, पडद्यावर रोहितने आधी टाकलेला 99 पाहिला आणि फोनवर ओरडला, "जीप थांबवा."

बहिणी भेटल्या. कुसाबाई रागाने हातवारे करत होती, बायडाबाई तिचा पदर सोडेना. मल्हारीला राहवेना, तो समजावायला गेला. "मावशी, चूक आमची. मशीनला वाटलं, हिला कोणी विचारतच नाही."

"मी तं सकाळधरून हितंच बसेल व्हते," बायडाबाई म्हणाली. "मंग कोनी इचारत नव्हतं, आसं कसं?"

मल्हारी सरळ कॉम्प्युटरपुढे जाऊन बसला. मग आकडे इंग्रजीत केले, आणि नोंद झाली की हातांची मोजणी शून्यापासून न धरता एकापासून धरायची, माणूस भेटेपर्यंत तो एक काढायचा नाही, असं करून टाकलं.

"तो एक कोणाचा?" मी विचारलं.

"जी बसून आहे तिचा," तो म्हणाला.