थोरलीने आईला सोडलं नव्हतं

माझ्या कादंबरीत दोन बहिणी आहेत. दोनशे वर्षांपूर्वीचं कोकणातलं एक बंदर. थोरलीने हात लावला की खारं पाणी गोड होतं, धाकटी फुंकर मारून वारा फिरवते. पुढे थोरली एका गलबतवाल्याशी लग्न करून निघून जाते आणि आजारी आईपाशी धाकटी उरते. या दोघी मी आणि ताईने लहानपणी घाटकोपरच्या खोलीत, पोटमाळ्यावर बसून रचल्या होत्या. म्हणून लिहून झाल्यावर पहिली प्रत तिलाच दिली.

चार महिने तिने ती उघडली नाही. दर फोनला मी विचारायची, "वाचलंस का गं?" कधी पापडांचे दिवस असायचे, कधी सुनेची परीक्षा. मग म्हणाली, अक्षर बारीक आहे. मी मोठ्या अक्षरात पुन्हा छापून घेतलं आणि बोरिवलीहून मुलुंडला रिक्षाने, ट्रॅफिकमध्ये दीड तास काढून, नेऊन दिलं. तिने ते फ्रिजवर ठेवलं आणि वर कोथिंबिरीची पिशवी.

आठवड्याने तिचा फोन आला.

"बांगड्याच्या तिखल्यात टोमॅटो घातलायस. तेव्हा आपल्याकडे कुठला टोमॅटो?"

"काढते. बाकी?"

बाकी म्हणजे घावन्याचं पीठ, लुगड्याचा काठ, माडाची उंची. अर्धा तास. शेवटी मी वैतागले. "ताई, गोष्ट कशी वाटली ते सांग ना."

"आईजवळ कोण होतं गं?"

"पुस्तकात?"

"दोन वर्षं अंथरुणावर होती ती. मी मुलुंडहून रोज जायची. तू रविवारी यायचीस, जेवायचीस, पाचला निघायचीस. आणि गलबतात बसून मी गेले होय?"

"ती तू नाहीस. काल्पनिक आहे ती."

"तिच्या हनुवटीवर तीळ आहे. माझा."

मी पान काढून बघितलं. होता. मला लिहिताना कळलंही नव्हतं, आणि याचाच मला जास्त राग आला. तिचा नव्हे, माझा. माफी मागायला हवी होती, मी म्हटलं, "बघते." आणि फोन ठेवला.

तीन महिने बसून सगळं उलटं केलं. आता धाकटी जाते, थोरली राहते. ही प्रत मात्र ताईने दोन दिवसांत वाचली.

"आता वाचणाऱ्यांना वाटेल आपलं भांडण आहे."

"नाही का?"

"आहे. पण ते छापायचं कशाला?"

डोकं धरून बसले मी. या बाईला नक्की काय हवंय, ते मला पन्नास वर्षांत कळलेलं नाही. मी एक ओळही बदलली नाही. पुस्तक तसंच निघालं. प्रकाशनाला ती आली, मागच्या रांगेत बसली, चहा पांचट आहे म्हणाली, आणि शेजारच्या अनोळखी बाईला पुस्तक उघडून दाखवत होती, "ही थोरली आहे ना, ती मी."