नाडीचा कोरा चौकोन

संपतदादा गेल्याच्या चौथ्या दिवशी पोस्टमनने कुपवाडहून आलेलं कार्ड माझ्या हातात दिलं. 'दादाला उतार पडल्याचं वाचून जीव भांड्यात पडला. इकडं मारुतीला नारळ फोडला.' लिहिणारी शांता, त्याची धाकटी बहीण. तार मिळताच निघालेली ती, कार्डाच्या आधीच मेढ्याला पोचून माझ्यासमोर भिंतीला टेकून बसली होती. तिचं कार्ड मी तिला दाखवलं नाही. ते माझ्याच पत्राचं उत्तर होतं...

संपतदादा माझा थोरला चुलतभाऊ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो लष्करी इस्पितळात रुग्णसेवक होता. परत आल्यावर गावात कुणालाही ताप आला की तो कपाळाला हात न लावता मनगट धरायचा आणि पट्टा तुटलेल्या घड्याळाकडे बघत गप्प बसायचा. "कपाळ सोडून हाताला ताप आलाय व्हय रं?" म्हणून चुलती त्याची चेष्टा करी. तो म्हणे, "आये, कपाळ फसवतं. नाडी न्हाई फसवत." मी सांगलीला शाळेत मास्तर, सुट्टीत घरी आलो की मलाही शिकवायला बसायचा. "मास्तर, घाई करू नगंस. मिनिट भरू दे." मला कुठलं तेवढं थांबवतंय! तीस सेकंदांनाच मनगट सोडून आकडा दुप्पट करायचो आणि शिव्या खायचो.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत गेलो तर तोच अंथरुणावर. आधी हिवताप समजून कुइनीन दिलं होतं. कान भणभणले, पण ताप हटेना. रक्त तपासून आलं तेव्हा मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, निघाला. त्याला औषध नव्हतं. पातळ पेज द्यायची, उठू द्यायचं नाही आणि दिवस मोजायचे. दादाने वहीच्या पानावर चौकोन आखले होते, तांबड्या पेन्सिलीने ताप, निळ्याने नाडी. आम्ही वाचायचो फक्त तांबडं. मुदतीचा म्हणजे मुदत भरली की जाणार, एवढंच आम्हाला ठाऊक.

अठराव्या दिवशी सकाळी पारा एकदम खाली आला. दादाला दरदरून घाम फुटला होता, हातपाय गार. चुलतीने देवापुढे गूळ ठेवला आणि रडत रडत शेजारी वाटायला निघाली. दादा कण्हत होता. "पोटात काय तर फाटल्यागत झालं गड्या..." शेजारीण म्हणाली, "आवं, अठरा दिस पोटात अन्न न्हाई, आतडी वढणारच."

"मास्तर, नाडी मोज."

मी मनगट धरलं. बोटाखाली ती नुसती पळत होती. चाळिसाच्या पुढे माझा आकडा चुकला. वाटलं, आनंदाने माझंच चित्त थाऱ्यावर नाही. "दादा, शांताला कार्ड टाकून येतो, टपाल निघेल. मग मोजतो." त्याने डोळे मिटले.

दुपारी पोट फळीसारखं घट्ट झालं. मालाच्या लॉरीतून साताऱ्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "ताप उतरला तेव्हा नाडी किती होती?" त्यांनी समजावलं, या तापात लहान आतड्याच्या शेवटच्या भागात व्रण पडतात. एखादा आरपार फुटला की ताप पडतो आणि नाडी धावत सुटते. "सकाळीच आणलं असतं तर?" मी विचारलं. ते म्हणाले, "पोट उघडून बघता आलं असतं. वाचलाच असता, असं नाही म्हणत मी." दुसऱ्या दिवशी दादा गेला.

ते पान आता सांगलीला माझ्या ट्रंकेत आहे. शेवटचा तांबडा ठिपका मी दिलेला, चांगला ठसठशीत. त्याच्याखालचा निळा चौकोन कोरा आहे. स्वतःचा असा राग आयुष्यात कधी आला नव्हता.

गेल्या आठवड्यात माझ्या मुलीला कणकण आली. बायको कपाळ चाचपून म्हणाली, "उतरलाय ताप." मी घड्याळ घेऊन मनगट धरून बसलो. मुलगी कंटाळली. "बाबा, झालं का मोजून?"

"थांब, मिनिट भरू दे."

मिनिट केव्हाच भरलं होतं. मला बोटं उचलवेनात.