शेजारणीची खुडूक कोंबडी

रहिमतपुरात आमच्या परसाला लागूनच शेजारीणबाईंचे परस आहे. त्या एकट्याच राहतात. गेल्या वर्षी डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांना सांगलीला लेकीकडे जावे लागले. तेव्हा त्यांची खुडूक कोंबडी, राखेवर पेंढा पसरलेल्या पाटीत, अंडी उबवीत बसली होती.

“आवं गुरुजी, ही आपणहून उठत न्हाई,” त्या म्हणाल्या. “रोज दुपारी उचलून दाणापाणी दाखवा, न्हाईतर बसल्या जागी मरंल. का कोंबडीला शिवलं तर देव रुसतोय व्हय तुमचा?”

मी होकार दिला. परंतु जन्मभर सोवळे पाळलेले हात पुढे होईनात. दोन दिवस मी काठीनेच ज्वारीची वाटी तिच्यापुढे सरकवली. तिने चोच लावली नाही. तिसऱ्या दिवशी तिचा तुरा फिकट दिसला आणि मला भय वाटले. मी वाकून तिला दोन्ही हातांनी उचलले. ती विलक्षण हलकी लागली. पोटाची पिसे झडली होती, आणि त्या उघड्या त्वचेची ऊब माझ्या तळव्यांना पोळत होती. खाली ठेवताच ती मान उंचावून पाणी प्याली, चार दाणे टिपले आणि घाईने पाटीत परतली.

एकादशीला दूध-फळे घेऊन मी त्याला उपवास म्हणत आलो होतो.

त्यानंतर रोज तिला उचलून मी पुन्हा स्नान करीत असे. पंधरा दिवसांनी संध्याकाळी शेजारीणबाई परतल्या; त्याच दिवशी सकाळी पिले बाहेर आली होती. त्यांनी एक माझ्या ओंजळीत ठेवले.

“धरा, तुमचंबी हाय त्यात.”

सायंसंध्येची वेळ झाली होती. मी हात धुतले आणि स्नान न करताच देवापुढे बसलो.